खड्ड्याची दृष्ट

“कोहळ्यावर घसरलास, सूर्या.”

“घसरलो नाही, अक्का. दृष्टीनं ढकललं.”

“मग दृष्टीच्या बिया कोपरात कशा रुतल्या? हात हलवू नको.”

चंद्रमतीअक्कांनी चिमट्यानं चौथी बी उपटली. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या घरी बसल्या. बसल्या त्या दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, आणि रुग्ण तिथेच लंगडत येऊ लागले. घरासमोरच्या वळणावर खड्डा होता. गुडघ्यात खडी सापडली की माणूस खड्ड्याचा, बिया सापडल्या की कोहळ्याचा. वर्षभरात खडीवाले घटले, बियावाले वाढले.

त्याचं कारण अक्कांचा हाच धाकटा भाऊ सूर्यनारायण, गल्लीच्या संघाचा चिटणीस. खड्ड्यात पहिली स्कूटर आपटली तेव्हा गल्लीनं निदान केलं की वळणाला दृष्ट लागली. अमावास्येला सूर्यनारायणानं कोहळ्यावर कापूर पेटवून, तो ओवाळून खड्ड्यापाशी भर रस्त्यात फोडला. दुसऱ्या दिवशी त्या गरावरून दोघे घसरले. म्हणजे दृष्ट जबर. मग दर शुक्रवारीही कोहळा. फोडी कुजल्या, माश्या घोंगावल्या. फोडी खायला आलेल्या गायी वळणावर ठाण मांडून बसल्या, आणि त्यांना चुकवताना पापनाशमचा एक दूधवाला कॅनसकट गटारात गेला. त्याच्यासाठी वेगळा कोहळा फुटला. सालींत साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या अक्कांनी भावाला बोटानं दाखवल्या, डेंग्यू होईल म्हणून बजावलं. डेंग्यूही दृष्टीनंच होतो, असं तो म्हणाला.

अक्कांनी मग नगरपालिकेत खड्डा बुजवायचा अर्ज केला. तीन महिन्यांनी तपासनीस आला, तो नेमका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. खड्डा गरानं काठोकाठ भरलेला. त्यानं बुटानं दाबून पाहिलं आणि लिहून नेलं, खड्डा बुजवलेला आढळला.

आज पुन्हा अमावास्या. बारा किलोचा नवा कोहळा तिण्णैवर विसावला होता. जुन्या सालीवर घसरताना सूर्यनारायणानं तो छातीशी कवटाळला, म्हणून कोहळा शाबूत होता आणि कोपर फुटलं होतं. वळणावर माणसं जमू लागली होती.

“कधी फोडणार?” अक्कांनी विचारलं.

“पाचला. मुहूर्त आहे.”

“साडेपाचला नित्या कॉलेजातनं येते.”

नित्या त्याची एकुलती एक लेक. स्कूटर हातात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि ब्रेक दाबण्याआधी ती अजून डोळे मिटत असे. सूर्यनारायणाचा चेहरा उतरला. त्यानं कोहळ्यावरून हात फिरवला. मग त्याला धीर आला.

“तिच्यासाठीच तर एवढा मोठा आणला, अक्का.”

अक्कांनी पट्टीची गाठ इतकी आवळली की त्यानं ‘अय्यो’ म्हटलं. चिमटा पुसून ठेवला. आत जाऊन वेताची खुर्ची उचलून आणली.

“खुर्ची कुठे नेतेस?”

अक्का पायऱ्या उतरल्या.

“खड्ड्यात मांडतेस की काय? लोक जमलेत, अक्का. तू तिथे बसलीस तर कोहळा फोडायचा कुठे?”

दोन गायींच्या मधून वाट काढत, खुर्ची डोक्यावर धरून अक्का वळणाकडे निघून गेल्या.