माझ्या तोंडाला वास येत होता

माझ्या तोंडाला वास येत होता आणि ही गोष्ट आमच्या सगळ्या इमारतीला माहीत होती. फक्त मला नव्हती. किती दिवस येत होता ते नक्की कोणी सांगत नाही. सून म्हणते, वर्षभर. नात म्हणते, आजी, त्याच्याही आधीपासून.

वासाच्या बाबतीत मी अडाणी नाही. परळच्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं आया होते. कुठल्या खाटेवरची चादर बदलायला झाली ते मी वॉर्डाच्या दारातून सांगायचे. तोंडही फटकळ. एका शिकाऊ डॉक्टराला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाबा, मोजे धुवून घालत जा, आधीच पेशंटला मळमळतंय. तो दुसऱ्या दिवशी नवे मोजे घालून आला आणि मला दाखवून गेला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण नाक कॉलेजात गेलेलं, असं माझी मैत्रीण म्हणायची.

ही मैत्रीण म्हणजे लालबागच्या जुन्या चाळीतली माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत होती. ती मालवणकडची, मी देवगडकडची. दोघींचे नवरे एकाच गिरणीत. आता नवरे नाहीत, गिरणी नाही, चाळही पाडली. तिच्या जागी टॉवर उभा राहिला. ती नवव्या मजल्यावर राहते, मी अकराव्या.

आमची फुगडीची जोडी चाळीस वर्षांची. गौरी आल्या की फुगड्या घालायच्या, आणि आम्ही दोघींनी एकमेकींबरोबरच घालायच्या, हे ठरलेलं. लोकांना वाटतं फुगडी म्हणजे हात धरून गरगर फिरणं. तसं नाही. फिरायला वेग आला की तोंडाने पकवा घालायचा असतो. म्हणजे ओठांतून फू-फू करत, ताल धरून, श्वास सोडायचा. आणि तो सोडायचा कुठे, तर समोरचीच्या तोंडावर. दुसरीकडे सोडायला जागाच नसते. दोघींचा पकवा एका तालात लागला तर फुगडी, नाहीतर नुसती कसरत. आमचा असा लागायचा की बाजूच्या चाळीतल्या बायका ऐकायला यायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या गौरीला मैत्रीण म्हणाली, माझे गुडघे दुखतात. मी म्हटलं, वय झालं, बस खाली. गेल्या वर्षी पुन्हा तेच. मीही मग बसूनच राहिले. दुसऱ्या कोणाबरोबर फुगडी घालायची हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ह्या वर्षी आषाढातच सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांची तयारी सुरू झाली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपली बघायला म्हणून लिफ्टने खाली गेले. हॉलचं दार उघडं होतं. आत माझी मैत्रीण तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेबरोबर फुगडी घालत होती. अशी घालत होती की पदर उडत होता. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

मी तशीच वर आले. रात्री जेवले नाही. आठ दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिनेही विचारलं नाही, हे जास्त लागलं. मला वाटलं, बाई शेफारली. तरण्या पोरींत मिरवायचंय तिला. आठ दिवस मी हेच धरून बसले. मग मला कंटाळा आला. रुसून बसणं मला जमत नाही, त्यापेक्षा भांडण बरं. नवव्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली.

तिने दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. सवयीने लावला असणार, कारण लगेच खाली सोडला. पण मी बघितलं.

"गुडघे बरे झाले वाटतं," मी म्हटलं.

मी दारातून हलले नाही. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या तोंडाक वास येता गो. तू पकवो घालतंस तेवा माका भोवळ येता."

"कधीपासून?"

"दोन गौरी झाल्या."

"मग सांगलंस कित्याक नाय?"

"तुका कोण सांगतलो?" ती म्हणाली. "तू सगळ्या गावाक ऐकवतंस. तुका ऐकवूचा धाडस आसा कोणाक?"

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आले.

घरी येऊन मी एकेकाला उभं केलं. सुनेला विचारलं तर तिने गॅस बारीक केला आणि पुन्हा मोठा केला. मुलगा मोबाईलमध्ये शिरला. नात माटुंग्याला कॉलेजात जाते, तिला घाबरणं माहीत नाही. ती म्हणाली, हो आजी, येतो. मी तुझ्या पर्समध्ये पुदिन्याच्या गोळ्या ठेवायचे, त्या तू खात का नव्हतीस? मला त्या कुणीतरी मंदिरात दिल्या असतील असं वाटलं होतं. मी त्या भजनाला आलेल्या बायकांना प्रसाद म्हणून वाटून टाकल्या होत्या.

मग एकेक आठवायला लागलं. लिफ्टमध्ये माणसं माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मला वाटायचं, टॉवरमधली रीत असेल. ज्या घरी जाईन तिथे माझ्यापुढे आधी बडीशेपेची वाटी यायची. मला वाटायचं, मान देतात. मी तीन-तीन चमचे खायचे. आणि कोरोनाच्या वेळी तर मी मास्क घेऊन दुकानदाराकडे परत गेले होते, की तुझ्या मास्कला घाण वास येतो, बदलून दे. त्या बिचाऱ्याने बदलून दिला. दुसऱ्यालाही तसाच वास आला, तेव्हा मी म्हटलं, सगळा माल एकाच गोदामातला दिसतो.

आता उपाय करायला हवा होता. गौरीला दीड महिना होता. मी स्वतःच निदान केलं. सुके बोंबील आणि लसूण, दुसरं काय असणार. शिवाय पोट साफ तर तोंड साफ, असं आई सांगायची. श्रावण लागतच होता. मी ठरवलं, ह्या वर्षी कडक श्रावण. मासळी बंद, कांदा-लसूण बंद. सोमवार आणि शनिवार तर धरलेच, पुढे रोजच एकदा जेवायला लागले. पाणीसुद्धा बेताने पीत होते. इमारतीत माझं नाव झालं. ह्या वयात एवढं करतात, म्हणून बायका पाया पडायला यायच्या. वाकायच्या, आणि चटकन मागे सरायच्या.

पंधरा दिवसांनी मी नातीला बोलावलं आणि तोंड उघडून हाऽ केलं.

"आजी, खरं सांगू?" ती म्हणाली. "वाढलाय."

माझा विश्वास बसेना. तेव्हा तिने मोबाईलमध्ये बघून एक युक्ती सांगितली. मनगट चाटायचं, वाळू द्यायचं आणि मग हुंगायचं. मी हुंगलं. तीस वर्षांत एवढा वास मी दोन-तीनदाच घेतला असेल, आणि त्या पेशंटना आम्ही वेगळ्या खोलीत ठेवत असू.

दुसऱ्या दिवशी नात मला दादरला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. टॅक्सीत ती काच पूर्ण खाली करून बसली. आता मला कारण माहीत होतं, तर मला हसू आलं. तीही हसली.

डॉक्टरीण नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने कवळी काढायला सांगितली. मला वरची पूर्ण कवळी आहे, खाली माझे स्वतःचे चार दात आहेत. मी इकडेतिकडे बघितलं. कवळी बसवल्यापासून मी ती कोणासमोर काढली नव्हती. सकाळी मोरीचं दार लावून काढायची, दोन मिनिटांत परत घालायची.

"रात्री कुठे ठेवता?" तिने विचारलं.

"तोंडात."

"का हो?"

मी खरं ते सांगितलं. रात्री-अपरात्री शेजारी कोणी गेलं तर धावत जावं लागतं. तिथे बोळक्या तोंडाने कसं रडणार? चाळीत सगळं आयुष्य गेलं, तिथे मेलेल्या माणसाइतकंच रडायला आलेल्या बाईकडे बघतात. डॉक्टरीण हसू दाबत होती. मग तिने कवळी उलटी करून दिव्याखाली धरली. आतल्या बाजूला काळा थर होता, तव्याला बसतो तसा.

"मशेरी लावता?"

"दात घासायला लावते."

"आजी, दात कुठे आहेत?"

नात तोंड फिरवून बसली. तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, खालचे चार आहेत ना. पण खोटं कशाला बोलू, मी मशेरी वर टाळूलाच चोळत होते आणि तिच्यावर कवळी बसवत होते. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि तिने दात घासतात. मला आईने सातव्या वर्षी लावायला शिकवली. ती लावल्याशिवाय पोटात हालचाल होत नाही. दात गेले, मशेरी राहिली. मशेरीने काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. वॉर्डात मशेरीवाल्या बायकांचे सुजलेले गाल मी पुसले होते. तरी लावत होते. ह्याला मूर्खपणा म्हणतात, दुसरा शब्द मला माहीत नाही.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. वास बहुतेक वेळा पोटातून येत नाही, तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या बाजूला थर बसतो, कवळीखाली बसतो, तिथे जंतू वाढतात आणि ते वास सोडतात. तोंडातली लाळ त्यांना धुऊन नेते. उपास करून, पाणी कमी पिऊन मी लाळच आटवली होती. प्रेशरच्या गोळीनेही तोंड कोरडं पडत असेल, म्हणाली. म्हणजे पुण्य जमवता जमवता मी घाण वाढवत होते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. साध्या साबणाने मऊ ब्रशने घासायची. जीभ मागून पुढे खरवडायची. चार दातांची निगा ठेवायची. मशेरी बंद. पाणी घोट-घोट दिवसभर. एवढं करून महिन्यात गेला नाही तर नाक-घसा दाखवू, साखर तपासू, असंही म्हणाली.

"आणि बोंबील?" मी विचारलं.

"खा की. खाऊन तोंड धुवा."

मला ती पोरगी आवडली.

घरी येऊन जीभ खरवडली. पहिल्या दिवशी काय निघालं ते लिहीत नाही, कोणी जेवताना वाचत असेल. कवळी काढून झोपणं सोपं गेलं. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, मी तशीच दार उघडून उभी. त्याने पिशवी दिली आणि गेला. ह्या वयाच्या बाईच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, हे मला तेव्हा समजलं. मशेरी मात्र सहज सुटली नाही. डोकं दुखलं, पोट साफ होईना, सुनेशी तीनदा भांडले. चौथ्या दिवशी मी टाकून दिलेली डबी शोधायला कचऱ्याच्या बादलीत हात घातला. सुनेने ती आधीच कचरेवालीला दिली होती. सुनेला मी तेव्हा जे बोलले ते नंतर मागे घेतलं. माझं असं मागे घेणं तिने पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून तिने दोनदा म्हणायला लावलं.

रोज संध्याकाळी नात हुंगायची आणि हाताने दाखवायची, एवढा. मग एवढा. गौरी येण्याच्या दोन दिवस आधी तिने हात खाली ठेवले. तरी मला धास्ती होती. ती घरची पोर. पकवा तिला कुठे झेलायचा होता?

आमच्याकडे पूजेच्या दिवशी गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळीचा, नैवेद्य असतो. ह्या वर्षी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण होतं. दुपारी जेवण झाल्यावर बायका हॉलमध्ये जमल्या. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचे हात धरून उभी होती. मी सरळ जाऊन दोघींच्या मध्ये उभी राहिले.

"वास घे," मी म्हटलं.

"काय गो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांक म्हायत आसा. घे."

मी तोंड उघडून तिच्या तोंडावर हाऽ केलं, एकदा, लांबलचक. तिने नाक पुढे आणलं. बाकीच्या बायका जवळ सरकल्या. तिने पुन्हा नाक पुढे आणलं, डोळे मिटले.

"सुंगटाचो वास येता," ती म्हणाली.

"खाल्लंय. चूळ भरलंय."

"कालवण तुझ्या सुनेन केलान?"

"मियां केलंय."

"मगे माका वाटी कित्याक नाय धाडलंस?" असं म्हणून तिने त्या पोरीचे हात सोडले आणि माझ्यापुढे केले.

फुगडी धरली. सुरुवातीला काही जुळेना. ती पुढे जायची, मी मागे राहायची. दोन वर्षांत माझा दमही कमी झाला होता. सातव्या-आठव्या फेऱ्याला कुठे पाय बसले. मग मी पकवा सुरू केला, आधी भीत-भीत, बारीक. तिने तिचा जोरात घातला, म्हणून मलाही जोरात घालावा लागला. मी तिच्याकडेच बघत होते, टक लावून. तिने तोंड फिरवलं नाही. फिरताना सगळा हॉल पुसट झाला होता, तेवढं तिचं तोंड समोर होतं, लाल झालेलं, घामेजलेलं, आणि ते माझ्याकडेच होतं.

थांबलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची सून जवळ आली आणि म्हणाली, काकी, मला हा पकवा शिकवा ना. मी म्हटलं, शिकवते, पण रांगेत उभी राहा. आमचं अजून व्हायचंय.