सहीशेजारचं कुंकू

श्री. मधुकर रानवडे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. नागपूरहून नोकरीसाठी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी सांगितलं, की झाडाखाली मक्याचं कणीस खात बसलेले ते काका जुन्या अमेरिकन नोटांचे मोठे जाणकार आहेत. माझ्या पर्समध्ये दोन डॉलरची एक नोट होती. अशी नोट दुर्मीळ असते असं ऑफिसात ऐकून मी ती जिवापाड जपली होती. मी ती काकांपुढे धरली. त्यांनी कणीस बाजूला ठेवलं, हात पुसले, नोट दोन्ही बाजूंनी उजेडात पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "विकायची आहे?"

"चांगली किंमत आली तर," मी भाव खात म्हणाले.

"चांगली किंमत म्हणजे दोन डॉलर. बँकेत जा, अशा हव्या तेवढ्या देतील." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, वाईट नको वाटून घेऊस. शनिवारी घरी ये. खऱ्या जुन्या नोटा दाखवतो. शैला पोहे करेल."

पोह्यांसाठी गेले आणि नोटांसाठी जात राहिले. मधुकाका ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर लोक गोल्फ खेळतात, नाहीतर भारतातल्या नातेवाइकांना फोनवरून सल्ले देतात. काकांनी नोटांच्या प्रदर्शनांत स्वतःचं टेबल मांडायला सुरुवात केली. त्यांचा जीव मात्र एकाच प्रकारच्या नोटांत. पूर्वी या देशात गावोगावच्या छोट्या बँकांनाही सरकारच्या परवानगीने नोटा काढता येत. नोटेवर त्या बँकेचं आणि गावाचं नाव छापलेलं असे, आणि खाली बँकेच्या कॅशियरची, म्हणजे तिथल्या मुख्य कारभाऱ्याची, सही, पुष्कळदा शाईने हाताने केलेली. आपल्या इलिनॉयमधल्या अशा गावांच्या नोटा काका शोधून काढतात. गाव आज नकाशावर दिसेनासं झालं असलं, तरी ते कुठे होतं, तिथे काय पिकायचं, बँक कशी बुडाली, हे सगळं ते आपल्या आजोळाबद्दल बोलावं तसं सांगतात.

या धंद्यात त्यांचा एक कडक नियम आहे. नोट धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, घडी मोडायची नाही. एकदा एका विक्रेत्याने धुऊन कडक केलेली नोट त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी ती नुसती हुंगली, नमस्कार केला आणि पुन्हा त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मी म्हटलं, "काका, इतकं काय? लोक केसांना नाही का कलप लावत?" ते म्हणाले, "लावू देत. पण वय विचारलं तर खरं सांगायला हवं."

माझी नोकरी गेली आणि व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर आली, तेव्हा त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. रोज सकाळी फोन यायचा, "सायली, नोटांचं वर्णन टाइप करायचंय. येतेस ना?" वर्णनं त्यांनी आधीच टाइप करून ठेवलेली असायची, हे मला फार उशिरा कळलं. निघताना शैलाकाकू डबा हातात द्यायच्या. त्या दिवसांत मी सावरले ती या दोघांमुळे, हे मंडळाच्या या अंकात स्पष्ट लिहायला मला आनंद वाटतो.

आता त्या दिवाळीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काका पुरते कळायचे नाहीत.

हेलनबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने काकांकडे एक नोट विकायला दिली होती. त्यांच्या घराचं छत गळत होतं आणि हिवाळ्याआधी ते बदलायचं होतं. नोट त्यांच्याच गावच्या बँकेची, खाली त्यांच्या आजोबांची सही. काकांनी फोनवर एक संग्राहक गिऱ्हाईक पक्कं केलं, किंमत ठरवली आणि बाईंना शब्द दिला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नोटेचा फोटो पाठवायचा होता, म्हणून त्यांनी ती प्लास्टिकच्या पाकिटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तेवढ्यात आम्ही पाहुणे येऊन थडकलो आणि काका दाराशी बोलत उभे राहिले.

त्या घरात एक रीत आहे. दर लक्ष्मीपूजनाला काका एक साधीशी जुनी नोट त्याच टेबलावर काढून ठेवतात आणि काकू ती तबकात घेऊन पूजा करतात. काकूंनी त्याच सवयीने नोट उचलली, पाण्यात बोट बुडवून ओलं हळदकुंकू तिला लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. काका आत आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच काकूंना कळलं. कुंकू सहीच्या अगदी शेजारी पसरलं होतं आणि कागद ते पीत चालला होता.

"अहो, कापसाने टिपू का?" काकूंनी कापूस घ्यायला हात पुढे केला.

"नको. हात नको लावूस. होऊ दे पूजा." काकांनी आरती म्हटली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा सावकाश म्हटली एवढंच.

पाहुण्यांतल्या शिरीषने मला बाजूला घेऊन सांगितलं, "यार, केमिकलने धुऊन देणारा माणूस आहे माझ्या माहितीत. कुणाला कळणारही नाही." काकांनी ते ऐकलं. "नोट माझी नाही शिरीष, आणि तिच्यावर पडलेला डाग माझ्या घरात पडलाय," ते म्हणाले. "तो मी धुऊन कसा लपवू?"

डाग पडलेली नोट गिऱ्हाईक घेणार नव्हतं, आणि बाईंना शब्द दिलेला; तेवढे पैसे उभे करायचा एकच रस्ता होता. काका-काकूंचा संसार इलिनॉयमधल्या ज्या लहानशा गावात सुरू झाला, जिथे त्यांची मुलगी जन्मली, त्या गावच्या बँकेची नोट काकांकडे होती. तेच गिऱ्हाईक ती कित्येक वर्षं मागत होतं आणि काका हसून नाही म्हणत होते. त्यांनी त्याला फोन लावला. काकू म्हणाल्या, "अहो, ती नको. दुसरं काहीही द्या." काका म्हणाले, "अगं, गाव कुठे पळून चाललंय? वाटलं की ड्राइव्ह करून जाऊ." हे म्हणताना त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही.

चेक घेऊन आम्ही तिघं हेलनबाईंकडे गेलो तेव्हा गाडी मी चालवत होते. काकांनी सगळं खरं सांगितलं, कुंकवाची नोट समोर ठेवली आणि ठरलेल्या पूर्ण किमतीचा चेकही ठेवला. बाईंनी चेककडे पाहिलंच नाही. त्यांनी काकूंना विचारलं, "हा लाल रंग कशासाठी लावतात?"

काकू म्हणाल्या, "घरात आलेल्या लक्ष्मीला आम्ही मान देतो. मला वाटलं, ही आमच्याकडे आलेली लक्ष्मी. तुमच्या आजोबांचं नाव खराब झालं, मला माफ करा."

हेलनबाईंनी नोट आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "तीसच्या दशकातल्या मंदीत आजोबांची बँक बुडाली. गावाची सगळी पुंजी गेली. त्यांनी एक पैसा खाल्ला नव्हता, पण लोक त्यांची सही असलेल्या नोटा दाखवून त्यांच्या दारात थुंकायचे. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. ही नोट आईने कपाटाच्या तळाशी दडवली होती." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "या नावाला मान देणाऱ्या पहिल्या तुम्हीच." काकू रडायला लागल्या. मीही रडले, आणि काका खिडकीतून बाहेरच्या पानगळीची चौकशी करत राहिले.

बाईंनी चेक घेतला. त्यांना गरज होती आणि खोटा मोठेपणा त्यांच्यात नव्हता. छत झालं. नोट काकांची झाली. बाजारात तिला आता कुणी विचारणार नाही. पण दर लक्ष्मीपूजनाला हेलनबाई आपल्या काठीसकट येतात, चप्पल काढून पाटासमोरच्या खुर्चीत बसतात आणि बोटाने आजोबांच्या नावाशेजारी कुंकवाचा एक नवा ठिपका लावतात. कागदाला कापूसही लागू न देणारे मधुकाका स्वतः त्यांच्यापुढे कुंकवाची कोयरी धरतात.

आपल्या मंडळात यशस्वी माणसं पुष्कळ आहेत. दिलेला शब्द पाळण्यासाठी आपली सर्वांत लाडकी वस्तू देऊन टाकणारा आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला त्या चुकीचं ओझं न देणारा माणूस मला इथे एकच भेटला. त्यांच्याजवळ बसून मी नोटा ओळखायला शिकले, आणि काकूंशी वागणारे काका पाहून संसार म्हणजे काय ते शिकले. या ऋणात राहायला मला आवडतं.

मधुकाका, त्या नोटेवरची सहीशेजारची जागा आता कुंकवाने भरत आली आहे. परवा मी नोट उलटून पाहिली. मागच्या बाजूला अजून एकही ठिपका नाही. वर्षाला एक या हिशोबाने ती बाजू पूर्ण भरेपर्यंत आपण, शैलाकाकू आणि हेलनबाई तिघंही धडधाकट असावं, आणि कोयरी आपल्याच हातात असावी.