येसूची खुरासणी

"चार वर्षं! येसू, चार वर्षं तू मला बाजारातलं बी देतेस?"

"मंग काय पिशवीत माती भरून दिऊ? माळच न्हाई ऱ्हायला, तर खुरासणी कुटनं आनू?"

"सांगायचं तरी!"

"सांगितलं आसतं तर काय क्येलं आसतंस?"

"ते मशीनमध्ये घातलं नसतं. त्यावर लेख लिहिला नसता. छापून आलाय तो, कळतंय का तुला?"

"छापून आला? मंग पेढं न्हाई आनलं ते!"

मंजुळानं कपाळावर हात मारून घेतला.

टाकव्याच्या वरच्या ठाकरवाडीत, येसूच्या ओसरीवर हे चाललं होतं. मंजुळा मूळची खाली टाकव्याची. आता पुण्यातल्या एका संस्थेत जीवरसायनशास्त्रज्ञ, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणारी. लहानपणी येसूची आई त्यांच्या घरी खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलाची बाटली आणून द्यायची. थंडीत खोबरेल दगडासारखं व्हायचं आणि शेजारची ही बाटली मात्र खळखळायची. "असं का गं?" दहा वर्षांच्या मंजुळानं विचारलं होतं. येसूची आई म्हणाली होती, "त्याला डोंगराची सवय हाय."

त्या 'का'पायी मंजुळाचं आयुष्य तेलातच गेलं. तेल ज्यांचं बनतं ती मेदाम्लं तिनं एकेक करून मोजली. बी थंडीत भरलं की त्यात लिनोलिक आम्ल वाढतं, उबेत भरलं की ओलिक. दर मार्गशीर्षात ती वाडीवर यायची, येसू पायलीभर बी ओतायची. मूठभर मशीनला, उरलेलं चटणीला. एकाच माळाचे बावीस वर्षांचे आकडे होते तिच्याकडे.

शेवटच्या चार वर्षांत लिनोलिक धाडकन उतरलं. मंजुळानं लिहून टाकलं: मावळचा डोंगर तापतो आहे.

चटणीलाही पूर्वीचा वास येत नव्हता. तिला वाटलं, आपलंच नाक म्हातारं झालं.

"माळावर जाऊ" म्हटलं की येसूचा गुडघा दुखायचा. आज मंजुळा एकटीच चढून गेली. माळाच्या जागी बंगला, निळं पाणी भरलेला तलाव आणि फाटकावर कुत्र्याची पाटी. रखवालदार म्हणाला, "बंगला व्हय? चार वर्षं झाली की, ताई."

"उमेशनं इकला," येसू म्हणाली. "पोरगंच माजं. काय बोलू त्याला?"

"त्याला नको बोलूस. मला बोलायचंस! आता मला पत्र लिहून लेख मागे घ्यावा लागणार. निवृत्तीच्या तोंडावर!"

"मंजे, तुजी आई ग्येली. भाऊ सोमाटण्याला ऱ्हायला ग्येला. टाकव्यात तुज्या घराला कुलूप. मंग तुजं म्हायेर कुटं ऱ्हायलं? हितंच ना? म्हायेरवाशिनीला रिकाम्या हातानं धाडू व्हय?"

"म्हणून खोटं बी?"

"खोटं कसं? लोणावळ्याच्या बाजारात जाऊन आनत व्हते. डोळं फुटस्तवर निवडत व्हते. याक खडा घावला का तुला चार वर्सांत?"

नाही. एकही खडा नव्हता. मंजुळाला आठवलं, बी इतकं साफ कसं म्हणून तिच्या मदतनीस मुलीही नवल करायच्या.

"येसू, मला त्या माळावर जायचं होतं गं," तिचा आवाज एकदम खाली आला, बोली टाकव्याची झाली. "पिवळा व्हायचा बग समदा. आपुन दोगी आत शिरलो की आईला आपली डोस्कीसुदिक दिसायची न्हाईत."

"मला न्हाई व्हय जायाचं?"

दोघींच्या मधे यंदाची पिशवी होती, तोंड बांधलेली, ओटीचा नारळ वर ठेवलेला.

"येक इचारू?" येसूनं गाठीशी चाळा केला. "खुरासणी सपली, आता न्हाई मिळायची, आसं चार वर्सांमागं सांगितलं आसतं, तर तू आली आसतीस का गं, मंजे?"

मंजुळानं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून छातीशी धरली, नारळ पदरात घेतला, चपला शोधल्या आणि ओसरी उतरून उताराला लागली.