केरबा मिस्त्रींची चुगली

जेवण अंमळ जास्तच झालंय. डबा धुऊन ठेवून शालन धुमाळ बॉयलर शॉपच्या दाराशी लाकडी खुर्चीत टेकते. डोळे मिटतात न मिटतात तोच पंख्याची घरघर लांब लांब जायला लागते. झोपायचं नाहीये हं, असं ती स्वतःला बजावते. दुपारच्या चहानंतर जुन्या वाफेच्या इंजिनात विस्तव पडायचाय. ह्याच कारखान्यात जन्मलेलं, कित्येक वर्षं गंजत पडलेलं इंजिन तिच्या टोळीने पुन्हा उभं केलंय. बॉयलरची जबाबदारी तिची. सकाळीच तिने छातीठोक सांगितलंय, "पेटवा बिनधास्त!" बाई आहेच तशी. एकदा बोलली की बोलली.

"सूनबाई, चहा टाक."

ती घरात ओट्याशी उभी आहे. पाटावर सासरे बसलेत, केरबा मिस्त्री, अंगात कारखान्याचा निळा सदरा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शालनला त्याचं काही वाटत नाही. नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती हळू बोलतेय आणि त्यांना ऐकू जातंय! जन्मभर बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेटांवरचे घाव ऐकलेला हा माणूस ठार बहिरा होता. घरात सगळे त्यांच्याशी हातवारे करून बोलायचे, नाहीतर बोंबलून.

"मामा, ऐकू येतंय तुम्हाला?"

"तिकडं सगळं परत देतात. चहा दे आधी."

ती कप द्यायला वळते तर छप्पर उंच उंच गेलंय आणि भिंतींच्या जागी लोखंडी खांब आहेत. वरून क्रेन अख्खं इंजिन उचलून नेतेय, पोतं उचलावं तसं. खाली माणसंच माणसं, काळी, घामेजलेली, हसणारी. केरबा कप घेऊन मधून असे चालतात जणू कारखाना त्यांच्या बापाचा.

"मी भरती झालो तेव्हा इथला भोंगा झाला की गाव घड्याळ लावायचं," ते सांगतात. "ह्या दारानं नुसतं लोखंड आत यायचं, त्या दारानं इंजिन बाहेर पडायचं, आपल्या पायानं! मग डिझेल आलं. लोक म्हणाले, बसला आता कारखाना. मग वीज आली. पुन्हा तेच रडगाणं. बसला काय? शिकला! दर खेपेला नवं शिकला."

"आणि मी शिकायला आले तर तुम्ही नको म्हणालात," शालन पटकन बोलून जाते. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर तिला इथे घेतलं, तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं. ते शल्य तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

केरबा थांबतात. "म्हणालो खरं. माझे कान गेले होते गं. तुझे जाऊ नयेत, एवढंच. पण बहिऱ्याला हळू बोलता येतंय होय? ओरडलो, आणि तू राग धरलास."

शालन त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेते.

"बरं, ते राहू दे. तुझं लेकरू दाखव."

इंजिन समोरच उभं आहे, हिरवंगार, झगझगीत. तिला अभिमान लपवता येत नाही. केरबा भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावरून तळवा फिरवतात. आत-बाहेरचे दोन पत्रे धरून ठेवणाऱ्या बोल्टांची डोकी तिथे ओळीने बसलीत. हात फिरतो आणि मधेच थबकतो.

"हे काय? चुगल्या कुठायत?"

बॉयलरवाले चुगली म्हणतात ती बोल्टाच्या टोकातल्या बारीक भोकाला. बोल्ट आतून तडकला की त्या भोकातून पाणी येतं आणि त्याचं बिंग फुटतं. शालन वाकून बघते. डोकी गुळगुळीत आहेत, भोक एकाही बोल्टाला नाही.

"पण मामा, पाण्याचा दाब देऊन बघितलाय मी. एक थेंब आला नाही."

"दाब रंगाच्या आधी दिला की नंतर?"

नंतर. इंजिन पेटवायच्या समारंभाची तारीख अलीकडे आली म्हणून रंग आधी उरकला होता.

"तोंड दाबून धरलंस तर ते बोलणार कसं?" केरबा तिचा अंगठा धरतात आणि शेजारी उभ्या दुसऱ्या इंजिनाच्या, भोक उघडं असलेल्या बोल्टावर जोराने दाबतात. "हे असं पाहिजे. कान जाऊ देत, हाताला कळतं. विसरू नकोस."

अंगठा दुखतो. ती जागी होते.

पंखा घरघरतोय. शालन चप्पलही न घालता इंजिनाकडे धावते. रंगारी रज्जाक फडक्याने पत्रा पुसतोय.

"रज्जाक, ह्या बोल्टांना भोकं होती ना रे?"

"होती की, ताई. कसली बेकार दिसत होती! लांबीचा लगदा भरून एकजात बुजवली." तो खूश आहे. "आता आरसा झालाय बघा."

"अरे माझ्या देवा! खरवड सगळं. विस्तव पडणार नाही आज."

"आणि पाहुणे? शाळेची पोरं यायलीत बघायला!"

"पोरं यायलीत म्हणूनच. पाहुण्यांना सांगायचं मी बघते. सकाळी मीच हो म्हटलं होतं, आता मीच नाही म्हणते."

रंग निघतो, लांबी निघते, बॉयलरमध्ये पाणी चढतं. दाब वाढतो आणि वरच्या ओळीत, कोपऱ्याजवळ, एका बोल्टातून पाण्याची बारीक धार सरळ रज्जाकच्या सदऱ्यावर येते. त्याच्या खालच्या बोल्टातूनही येते. रज्जाकचं तोंड पांढरं पडतं.

"ताई, तुम्हाला कळलं कसं?"

शालन आपला अंगठा बघते. त्यावर बोल्टाच्या डोक्याचा गोल वळ उठलाय, लालभडक. मधोमध कातडी मोहरीएवढी वर आलीय, जशी उघड्या भोकावर दाबली की येते. ती झोपली तेव्हा ह्या इंजिनावर एकही भोक उघडं नव्हतं.

"सासऱ्यांनी सांगितलं," ती म्हणते, आणि इतक्या वर्षांत कारखान्यात पहिल्यांदाच सगळ्यांदेखत रडते. मग डोळे पुसून ती ओरडते, "बघत काय राहिलात? नवे बोल्ट आणा!"