पाव उडवायचं यंत्र

टोस्टरवर चार पानं लिहावीत असं मला वाटलं, याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते अर्ज, फॉर्म आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटांवरची नावं, एवढंच. मी कॉलेजात आलो तोही शास्त्र शाखेत, त्यामुळे असं लिखाण कसं सुरू करतात ते मला नीट ठाऊक नाही. शिवाय टोस्टर ही काही मोठी गोष्ट नव्हे. पुण्यात तो पुष्कळांच्या ओट्यावर असतो आणि कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आमच्याकडे आला तेव्हा मात्र आम्ही बघितलं, बराच वेळ बघितलं. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी धायरीत ताईकडे राहतो. घरात आम्ही चौघं. ताई, भाऊजी, भाऊजींची आई, ज्यांना मी मावशी म्हणतो, आणि मी. सगळे मूळचे वाशिमकडचे. भाऊजी फिटर आहेत आणि सकाळी सातला कंपनीची बस धरतात. ताई जवळच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात नऊ ते सहा जाते. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून स्वयंपाक ताईकडेच.

मागच्या वर्षी ताईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीची परीक्षा द्यायची. दहावीनंतर ती दोन वर्षं घरी होती, मग लग्न झालं. माझ्या फॉर्मांवर सह्या घ्यायला, मला वसतिगृहाची यादी बघायला न्यायला तीच धावली; स्वतःच्या शिक्षणाबद्दल कधी बोलली नव्हती. आता तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं आणि त्याला बारावी लागते. भाऊजी माणूस वाईट नाही, तिची ओढाताण त्यांना दिसत होती. ते म्हणाले, “एकदा बस. झाली पास तर पुढचा अर्ज मी स्वतः भरून देतो. नाही झाली तर हा विषय घरात पुन्हा नको.” ताईनं मान डोलावली. तिच्या हातात एकच खेप होती, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

अडचण वेळेची होती. संध्याकाळी ती पुस्तक उघडायची आणि पाचव्या मिनिटाला इंग्रजीचं पुस्तक छातीवर ठेवून झोपी जायची. तिचं डोकं सकाळी ताजं असतं, पण सकाळ तर स्वयंपाकात. एक दिवस मी प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर तिच्या सकाळच्या कामांच्या वेळा टिपल्या. पोळ्या आणि भाजी टाळता येत नव्हत्या, कारण डबे. पण नाश्ता, मग तो पोहे असो की उपमा, कांदा चिरण्यापासून कढई घासण्यापर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं खात होता. मी म्हटलं, नाश्ता मी करतो. दोन दिवस केला. ताई शेजारी उभी राहून सांगत होती की पोहे आता भिजव, आता निथळ, गॅस बारीक कर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की तू नाश्ता केलास की मला जास्त वेळ लागतो.

तेव्हा टोस्टर डोक्यात आला. तव्यावर ब्रेड भाजायचा तर शेगडी अडते आणि माणूसही अडतो. टोस्टरला दोन्ही लागत नाही. चार दिवस मी फोनवर वाचत होतो. दोन स्लाइसचे टोस्टर स्वस्त होते. पण मग असं लक्षात आलं, की दोन स्लाइस म्हणजे एक माणूस खाणार आणि तिघं बघत बसणार, आणि बघत बसलेला माणूस हमखास ताईलाच हाक मारणार. चार स्लाइस एका वेळी निघाल्या तर भाऊजी आणि मावशी एकदम बसतील आणि लगेच आम्ही दोघं. चार स्लाइसवाल्यांतही दोन जाती निघाल्या. काहींना लांबच लांब दोन फटी, एकेका फटीत दोन स्लाइस. काहींना चार वेगळ्या फटी आणि दोन खटके, म्हणजे डावीकडच्या कमी भाजायच्या आणि उजवीकडच्या जास्त, असं करता येतं. मावशींना दात कमी आणि भाऊजींना सगळं कडक लागतं. मला दुसरी जात हवी होती, आणि ती माझ्या स्कॉलरशिपच्या उरलेल्या पैशांत बसायला हवी होती.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात तसा एक मिळाला. दुकानदार काका पेपर वाचत होते. त्यांनी खोका माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा पेपरात गेले. मी टोस्टर बाहेर काढला, फटीत डोकावलो, खटका खाली दाबला. तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. मी जरा घाबरतच म्हटलं की काका, हा बिघडलेला दिसतो, खाली राहतच नाही.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “प्लग कुठाय?”

प्लग माझ्याच हातात होता.

“वीज असल्याशिवाय तो खाली बसत नाही. आत चुंबक असतो. आपण काय शिकता?”

मी हळूच सांगितलं की बीएस्सी, फिजिक्स.

“अस्सं,” ते म्हणाले आणि पान उलटलं. मग मात्र त्यांनी स्वतः प्लग लावून दाखवला. खटका खाली राहिला, तारा लाल झाल्या, आणि मी त्या उजेडात इतका वेळ वाकून बघत राहिलो की ते म्हणाले, विकत घेतल्यावर घरीही दिसेल.

घरी आणल्यावर मावशींचा पहिला प्रश्न टोस्टरबद्दल नव्हता, सोबतच्या ब्रेडबद्दल होता. “कोनाले ताप आला?” आमच्याकडे गावात ब्रेड हे आजारी माणसाचं खाणं. दुकानातून ब्रेडचा पुडा घेऊन निघालं की वाटेत तीन जण विचारणार, घरात काय झालं. रोज सकाळी धडधाकट माणसांनी ब्रेड खायचा ही कल्पना मावशींना अशुभ वाटत होती. त्या ताईला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या की लेकराच्या पोटात काही राहत नाही असल्या खाण्यानं. लेकरू म्हणजे त्यांचा चाळिशीचा मुलगा.

पण यंत्र घरात आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दसरा होता. भाऊजींच्या मोटारसायकलची, पान्यांच्या पेटीची पूजा झाली, माझ्या पुस्तकांची झाली, तशी टोस्टरचीही झाली. मावशींनी त्यावर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून मूठभर अक्षता सोडल्या. मी तिथेच हात जोडून उभा होतो. चार फटी आ वासून वर बघताहेत आणि अक्षता सरळ आत जाताहेत, हे मला दिसतही होतं. पण पूजेत अक्षता पडणं इतकं सवयीचं, की त्या कुठे गेल्या हा प्रश्नच मनात आला नाही.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला आला. ताई पोळ्या उरकून आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती, पहिल्यांदाच. मी चार स्लाइस सोडल्या, दोन्ही खटके दाबले. थोड्या वेळानं करपलेल्या तांदळाचा वास आला, मग धूर. एका फटीत झेंडूच्या पाकळीनं चक्क पेट घेतला. मी प्लग ओढला, मावशी देवाचं नाव घेऊ लागल्या, आणि ताई पुस्तक टाकून धावत आली. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं वर्तमानपत्रावर टोस्टर पालथा घालून दातकोरणीनं अक्षता काढत होतो. माहितीपत्रक तेव्हा उघडलं. त्यात लिहिलं होतं की खाली एक सरकणारा ट्रे आहे, भुगा काढायला. तो ओढला तर त्यात अर्ध्या अक्षता शिस्तीत जमलेल्या. ताईला हसू आवरेना. पण तिचा तो पहिला तास गेला.

पुढे आणखी दोन-तीन गेले. गिझर चालू असताना टोस्टर लावला की घराचा मेन स्विच पडायचा. आंघोळीतून भाऊजींचा आवाज यायचा आणि आतल्या अंधारात ताई पुस्तक मिटून बसायची. शेवटी ठरलं की भाऊजी आंघोळ करून गिझर बंद करतील, हाक देतील, मग टोस्टर. दुसरी फेरी पहिलीपेक्षा नेहमी काळी का पडते तेही शोधून काढलं. यंत्र आधीच तापलेलं असतं, म्हणून बाजूच्या चकतीवरचा आकडा एकनं कमी करायचा.

एक प्रश्न मावशींनी विचारला आणि मी अडकलो. त्या रोज सकाळी ओट्याला टेकून लाल तारांकडे बघायच्या. “पाव भाजला हे याले कसं समजते?” मी म्हटलं, विचारून सांगतो. कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, त्याला काही समजत नाही. तो फक्त वेळ मोजतो, वेळ संपली की चुंबक सोडतो आणि स्प्रिंग वर ढकलते. चकतीवरचे आकडे मिनिटंसुद्धा नाहीत. आत स्लाइस असो की नसो, तो तेवढाच थांबतो. मी ते जसंच्या तसं मावशींना सांगितलं. त्यांची थोडी निराशा झाली. “म्हणजे याले पाव दिसतच नाही?” आणि मग जरा विचार करून म्हणाल्या, “मग पाहा तर माणसालेच लागन.”

त्या दिवसापासून त्या नुसत्या बघत नव्हत्या, लक्ष ठेवत होत्या. पण घराला अजून एक खोड होती, आणि ती टोस्टरमध्ये नव्हती. खटका वर उडाल्याचा आवाज झाला की ताई बाहेर यायची. कोणी बोलावलेलं नसायचं. ती यायची, बटर लावायची, बशा मांडायची, चहा गाळायची आणि परत जायची. मी सांगून बघितलं. ती म्हणायची, हो रे, पाय आपोआप उठतात. तासाचे तुकडे होत होते आणि तिची उजळणी पहिल्या धड्यापुढे जात नव्हती. डिसेंबर निम्मा सरला तेव्हा भाऊजींनी मला बाजूला घेऊन विचारलं की हिचं होईल ना रे.

मग एका सकाळी खटका उडाला आणि ताई दारात आली, तेव्हा मावशी आधीच ओट्यापाशी उभ्या होत्या. एका हातात सुरी, दुसऱ्यात बटरचा डबा. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

“कायले आली वं? बस तिथंच. पाव मी उडवते.”

ताई म्हणाली की आई, तुमचे गुडघे.

“गुडघ्यानं कोण पाव उडवते? जा, वाच.”

ताई आत गेली. त्यानंतर परीक्षेपर्यंत ती सव्वासहा ते साडेसात बाहेर आली नाही. मावशींनी ती वेळ आपली करून टाकली. स्वतःची स्लाइस दोनच्या आकड्यावर, मुलाची पाचवर, माझी मध्ये. ताईची बशी झाकून आत नेऊन द्यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं की रोज ब्रेड, कोणी आजारी आहे का, तर मावशींनीच उत्तर दिलं की नाही, सुनेची बारावी आहे.

बारावीला पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो. तो देऊन आली तेव्हा ताईनं कसा गेला ते सांगितलं नाही, फक्त म्हणाली की पत्र लिहायचं आलं होतं ते लिहिलं. बाकीचे पेपर झाले, ती पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. नंतरचे दोन महिने घरात कोणी निकालाचा शब्द काढला नाही. भाऊजींनीही नाही.

निकाल मे महिन्यात दुपारी एकला लागणार होता आणि त्याच दिवशी माझा पेपर होता, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात. ताईचा बैठक क्रमांक आणि आमच्या आईचं नाव, जे निकाल बघताना भरावं लागतं, मी हातावर लिहिणार होतो. मग परीक्षेत हातावर काही लिहिलेलं बरं नव्हे म्हणून लिहिलं नाही. फोन पिशवीत, पिशवी वर्गाबाहेर. एक वाजल्याचं मला घड्याळात दिसलं आणि त्यानंतर मी एक गणित दोनदा सोडवलं.

साडेतीनला बाहेर आलो तर फोन बंद. सकाळपासून बसमध्ये तीच साईट उघडून बघत आलो होतो, बॅटरी संपली होती. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विनंती करून चार्जरला लावला. तो सुरू झाला तेव्हा भाऊजींचे सात मिस्ड कॉल होते. सात म्हणजे चांगलं की वाईट, काही ठरवता येईना. साईट फिरतच होती. मी ताईला फोन लावला. तो मावशींनी उचलला.

मी विचारलं, ताई कुठे आहे. झोपली आहे, त्या म्हणाल्या. दुपारची ताई कधी झोपत नाही. जेवली का, विचारलं. जेवली, थोडं जेवली. भाऊजी? ते अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते, आता कुठला तरी फॉर्म आणायला गेले आहेत.

“मावशी, निकाल?”

“लागला ना बापा, कवाचाच. पास झाली. साऱ्या विषयांत पास झाली, त्या इंग्रजीतबी. आता हळू बोल, उठन ते.”