दाता ठणठणीत

रामटेकेताई गेल्या, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी एक दिवस उशिरा पोहोचलो. आंजी गावातल्या त्यांच्या अंगणातला मंडप सुटलेला, खुर्च्या एकावर एक रचलेल्या… आणि मी पांढऱ्या फुलांचा हार घेऊन उभा.

ताई आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात टी-पेशींवर प्रबंध लिहीत होतो. त्यासाठी लागणारं रक्त दर सोमवारी ताई स्वतःचंच देत. रक्तातल्या या राखणदार पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. एक शत्रूला ओळखतो. पण दुसऱ्यानं दुजोरा दिल्याशिवाय पेशी कामाला लागत नाही. म्हणून आम्ही दोन कुप्या वापरायचो, एकेका रिसेप्टरला जागवणारी एकेक. दुसरी महाग आणि संपत आलेली. मी शहाणा! ओळख पटली की झालं, असं म्हणून ती घातलीच नाही. तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली सामसूम. मग घाईघाईनं दुसरी घातली, तरी सामसूम. प्रबंध द्यायला महिना उरलेला… मी नोंदवहीत लिहून मोकळा झालो, 'दात्याच्या पेशी कमकुवत.'

ताईंनी ते वाचलं.

"माह्या पेशी कमजोर? बाही वर करा, डॉक्टर."

माझंच रक्त काढलं. अर्ध्या पेशींना फक्त पहिली कुपी, अर्ध्यांना दोन्ही. हात चालवता चालवता म्हणाल्या, "वावरात कोनी दिसलं म्हनून राखनदार लगेच काठी घालते का? सोबतचा 'हान' म्हनते, तवा घालते. सोबतचा चूप राह्यला, तं त्याले वाटते, आपलाच मानूस असन. मंग मागून किती बी बोंबला, तो उठत नाई."

तीन दिवसांनी दोन्ही कुप्यांच्या पेशींचे भरघोस झुबके झाले. एका कुपीच्या निपचित. माझा प्रबंध तरला. ती ओळ मात्र ताईंनी मला खोडू दिली नाही. "राहू द्या. मांगून येनाऱ्या पोरांले कामी पडन."

परवा मला आत बसवून त्यांच्या मुलीनं, सुजातानं, चहा दिला आणि कपाटातून तीच नोंदवही काढली. निवृत्त होताना ताईंनी ती मागून घेतली होती म्हणे. माझ्या ओळीखाली पेन्सिलीनं, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'दाता ठणठणीत.' त्या दोन शब्दांवरून मी बोट फिरवलं.

"तारीख चुकली माझी," मी पुटपुटलो.

"तुमची नाई, काका, माहीच चुकी," सुजाता म्हणाली. "आई म्हनेच, डॉक्टरले दोनदा सांगा लागते. म्या एकदाच फोन केला."