न काढलेलं टिंब

"रेघ बोलून राह्यली, तुमी चूप राहा." असं म्हणून काकाजी डावा डोळा मिटायचे आणि पेन्सिल नाकासमोर उभी धरायचे. राजापेठेतल्या आमच्या वाचनालयात मग कोणी खोकतसुद्धा नसे.

भूमापन कचेरीत उभा जन्म शेतांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. मोजायला शेत उरलं नाही, तेव्हा त्यांनी मुंबईचा एक ट्रस्ट धरला. हा ट्रस्ट वीज कंपन्यांचे शेअर बाळगायचा आणि वर्षातून दोनदा लाभांश वाटायचा. त्याचे स्वतःचे शेअर ठरावीक होते, नवे निघत नसत. हवे असतील तर बाजारात दुसऱ्याकडून घ्यायचे, आणि म्हणून त्यांचा भाव रोज हलायचा. मुंबईचं वर्तमानपत्र बडनेऱ्यावरून दुसऱ्या दिवशी आलं की आमचे काकाजी तो भाव भिंतीवरच्या चौकटीच्या कागदावर मांडत. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा त्यांनी अख्खा तक्ता पहिल्यापासून पुन्हा काढला, आणि मी सरकारला इतक्या मनापासून दिलेल्या शिव्या त्यानंतर ऐकल्या नाहीत.

तक्त्याची भाषा त्यांची स्वतःची होती. भाव ज्याच्या खाली सहसा उतरत नाही, त्या आडव्या रेघेला ते जोतं म्हणत. "मास्तर," ते मला सांगत, "रेघ जोत्याखाली गेली का घर सोडाचं, शेअर इकून टाकाचे. मंग इचार नाही कराचा."

याला एकच अपवाद होता. लाभांशाची तारीख उलटली की भाव तेवढ्याने खाली येतोच, कारण तो पैसा ट्रस्टच्या पेटीतून गेल्यातच जमा असतो; लोकांच्या हातात मात्र तो टपालाने बऱ्याच दिवसांनी पडतो. ती पडझड खोटी. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत रेघ पुन्हा वर चढते. ती तारीख वर्तमानपत्रातून हेरून काकाजी त्या दिवशी तक्त्यावर लाल शाईचं एक टिंब देत. टिंब असलं की घाबरायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

आता वकीलसाहेबांना आत घेऊ या. गावात मोठी वकिली, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि त्याच ट्रस्टचे भलेमोठे भागधारक. वार्षिक सभेत त्यांनी सांगितलं की गेल्या साली ट्रस्ट चढणार हे आपण एकट्यानेच ओळखलं होतं. मागून कोणीतरी काकाजींच्या तक्त्याचं नाव काढलं. वकीलसाहेब हसले. "त्या रेघोट्या? भिंतीचा पोपडा झाकायला बऱ्या आहेत. मी काही त्या पाहत नाही."

सभा हसली. काकाजी शेवटच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो, आणि त्यांचे कान कसे तांबडे झाले ते मला अजून दिसतं.

गंमत अशी की वकीलसाहेब तक्ता पाहत होते. दुपारी हॉल रिकामा असताना येऊन, नाक लावून पाहत होते. कागदावर रोज त्यांची तपकीर सांडलेली असे. काकाजी ती बोटाने टिपून मला दाखवत. "पाहा. हे त्याचं नाक." त्यांना पैसा नको होता, माफीही नको होती. वकिलाने चारचौघांत एकदा म्हणावं, की मी तक्ता पाहतो. बस.

सूड म्हटलं की लोकांना कुऱ्हाड आठवते. आमच्या काकाजींनी सूड घेतला तो एका टिंबाने, आणि तेही न काढून. दिवाळीनंतरच्या लाभांशाची तारीख उलटली. भाव उतरला, रेघ जोत्याखाली गेली, आणि काकाजींनी लाल शाईची दौत उघडलीच नाही. भाव खरा लिहिला होता, रेघ खरी होती. ते फक्त चूप राहिले.

महिन्याभरात रेघ पूर्वीच्याही वर गेली. एका संध्याकाळी हॉल भरलेला असताना वकीलसाहेब काठी आपटत आत आले आणि थेट तक्त्यापाशी गेले.

"इथे टिंब कुठे आहे? दर वेळी असतं!"

काकाजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला. "तुमाले काहून पाह्यजे, वकीलसाहेब? तुमी तं पाह्यत नाही."

"पाहतो मी! तीन वर्षं पाहतोय! यावरूनच तर सगळे विकले!"

काकाजी आमच्याकडे वळले. "ऐकलं न सगळ्यायनं?" मग त्यांनी दौत उघडली आणि सगळ्यांदेखत ते टिंब दिलं. वकीलसाहेब पुन्हा वाचनालयात आले नाहीत, अध्यक्ष म्हणूनही नाही.

मी त्या रात्री हसत हसत घरी गेलो. पण तुमच्यापासून काय लपवायचं? माझेही सात शेअर होते. टिंब दिसलं नाही, रेघ जोत्याखाली गेली, म्हणून मीही विकले होते. बायकोला घ्यायचं शिवणयंत्र त्यात गेलं. ती म्हणाली, जा आणि विचारा त्यांना. मी गेलो नाही. इतका देखणा सूड, त्याला मी माझ्या सात शेअरांचा डाग लावणार होतो होय?

पुढे काकाजी अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. खाटेवर अगदी थोडे उरले होते. मुलगी चहा करायला आत गेली तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, एक गोष्ट खाऊन राह्यली मले. त्या टायमाले तुमी तं नाही विकले?"

"छे," मी म्हणालो. "लाभांश आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं. तुमाले बुडवलं असतं तं मी कोन्या तोंडानं राग धरला असता? त्या वकिलाले माफ करा लागलं असतं मले."

त्याच आठवड्यात ते गेले. वकिलाला माफ न करता, अगदी समाधानाने.